पान सोडताना

बातमी लिहिता येते तिघांनाही.
दिप्तेश ग्रामसभेतून परतला की
खुर्च्या कुणी उचलल्या आणि कुणी फेकल्या
हे वेगवेगळं सांगतो.
एल्टनचं मराठी शाळेत कमावलेलं, म्हणून स्वच्छ.
रोहिणी वेळीप खोतीगावची,
कमी बोलते, वाक्य क्रियापदापर्यंत नेऊन ठेवते.

मला शिकवायचं आहे खोडायला.
आणि ज्याचं खोडलं
त्याच्यासोबत साडेदहाला खाली जाऊन
एका कागदातली मिरची भजी खायला.
हे दुसरं मला स्वतःला
चाळिशीत जमलं.

पहिला आठवडाभर त्यांना फक्त निधनवार्ता दिल्या.
तोंडं उतरली.
शेटकर की शेटगावकर,
पश्चात दोन मुली की तीन,
फोन करून विचारा, म्हटलं.
"आत्ता? नऊ वाजता? सुतकाच्या घरी?"
हो. हळू आवाजात.
आणि "सॉरी" नंतर लगेच प्रश्न नको,
पलीकडचा श्वास होऊ दे.

का, ते नाही सांगितलं.
सत्त्याण्णव साली खनिजाच्या ट्रकनं उडवलेल्यांच्या यादीत
कुडचड्याचा एक जिवंत माणूस मी मारला होता.
दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तो पणजीला आला,
काखेत आमचाच अंक.
"बाय, हांव जितो आसां."
एवढंच. चहाही घेतला त्यानं.
म्हणाला, लोक येऊन बसलेत,
आई माझ्याकडे बघते आणि पेपराकडे बघते,
छापून द्या काहीतरी.
दिलं.
पाचव्या पानावर, तळाला, नारळाच्या भावाखाली.
चूक पहिल्या पानावर होती.

तर परवा, रात्री अकरा चाळीस,
चोडणच्या धक्क्यावर फेरीत चढताना गाडी नदीत गेली.
पान बारा पंधराला सुटतं.
मी उठले, म्हटलं, चहा पिऊन येते,
आणि काचेपलीकडे जिन्यात उभी राहिले
चहाशिवाय.

दिप्तेश: तिघे गेले, नावंसुद्धा फिरतायत, सगळ्यांकडे आहेत.
रोहिणीनं अग्निशमनला लावला, पोलिसांना लावला,
मग धक्क्यावरच्या सोडावाल्याला.
सोडावाल्याशी ती सगळ्यात जास्त वेळ बोलली.
"किती ते कुणी मोजलं?" तिनं विचारलं,
आणि कुणी उत्तर देईना तेव्हा
तीन हा आकडा काढला. नावं काढली.
कार नदीत; शोध सुरू.
पान लावणारा बाबलो म्हणाला,
मॅडम, खाली सहा ओळी मोकळ्या पडतात, काय टाकू?
"राहू दे."

मी असते तर भरल्या असत्या.
जाहिरात होती, हवामान होतं, काहीही होतं.
हात काचेवर गेलाही होता.

पान बारा बावीसला सुटलं.
काणकोणची गाडी थांबून राहिली,
छपाईच्या बोरकरांनी तिला जे सुनावायचं ते सुनावलं,
तिनं ऐकलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं
आणि दुसऱ्या पानाचा प्रूफ ओढला.

नदीत किती होते ते पहाटे कळलं,
पोदेराचा पोंपों वाजायच्या आधी.
ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात आहे,
इथे सांगणार नाही.

आज माझ्या टेबलावर एक कात्रण होतं.
पिवळं, फायलीच्या वासाचं.
कुडचड्याची कुठलीशी निधनवार्ता ताडून बघताना
हिला ते सापडलं असणार.
चार ओळी, 'दिलगिरी' हा शब्दही अर्धा पुसलेला.
समासात लाल शाईनं बाण, वर जाणारा,
आणि दोन शब्द:
पहिल्या पानावर.

ती समोरच बसली होती, मान खाली,
कुणाचं तरी आडनाव तपासत.
मी पेन घेतलं.
कोपऱ्यात सही केली,
तारीख आजची.